भंगाराच्या भावाने

२०२५ ह्या एका सालात महाराष्ट्रातल्या मोटारींच्या, फटफटींच्या नि टेंपोंच्या अंगावरून लक्षावधी पाट्या उतरल्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक वाहनाने जुनी नंबरपाटी काढावी नि नवी, उच्च सुरक्षेची म्हणतात ती पाटी बसवून घ्यावी, असा हुकूम होता. पहिली मुदत ३१ मार्चची होती. पुढे ती पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. ह्या प्रकरणी वर्तमानपत्रांतून जी रणधुमाळी माजली ती सगळी दरावरून. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीला ७४५ आणि वर कर. शेजारच्या राज्यांत कमी, मग आमच्याकडेच जास्त का? सवाल रास्त होता. परंतु उतरलेल्या पाट्यांचे पुढे काय झाले, हे विचारणारा एकही गृहस्थ मला आढळला नाही. तेव्हा ते मीच सांगतो. त्या किलोवर गेल्या.

पेणच्या बाजूला एका दुकानामागे त्यांचा ढीग मी पाहिला. ढीग म्हणजे खरे तर दोन होते. एक लोखंडी पत्र्याचा, दुसरा ॲल्युमिनियमचा; भाव निराळे म्हणून ढीग निराळे. आपल्या राज्यातल्या ह्या वस्तूंचे कोणी वर्गीकरण केले असेल तर ते एवढेच, आणि तेही भंगारवाल्याने केले. त्याचे मी आभार मानतो. निदान त्याने दोन्ही प्रकार हातात घेऊन पाहिले.

ह्या ढिगांतून पाट्या विकत घेणारा मी माणूस आहे. रोह्यापासून पेणपर्यंतच्या गॅरेजवाल्यांत माझे नाव ‘पत्रेवाला मास्तर’ असे पडले आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा वाडीवरच्या शाळेत मुलांना पाढे शिकवण्याचा, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. इतिहास-संशोधक म्हणवून घेण्याची माझी योग्यता नाही, आणि ती ज्यांची आहे त्यांनी ह्या ढिगाकडे वळून पाहिलेले नाही. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

पाट्यांच्या नादाला मी लागलो तो कादंबरीमुळे. १९५८ साली रोह्याहून तांदळाची पोती भरून एक ट्रक निघतो असा प्रसंग मला लिहायचा होता. क्लीनर पहाटे फडक्याने पाटी पुसतो, एवढे एकच वाक्य. पण पुसलेल्या पाटीवर अक्षरे कोणती दिसली? मी चार शहाण्यांना विचारले. दोघे स्वतः लेखक होते. चौघांचे उत्तर एकच आले: “घाला हो एम एच ०६ नि पुढे काही तरी. कोण बघतो?”

ह्या ‘कोण बघतो’शी माझे भांडण आहे. १९५८ साली महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. रायगड नावाचा जिल्हा नव्हता. एम एच ०६ हा प्रकार तर पुढे एकतीस वर्षांनी यायचा होता. आज दूरदर्शनच्या कोणत्याही वाहिनीवर साठ-सत्तर सालांतली मराठी गोष्ट दाखवताना काय करतात पाहा. नायिकेची साडी जुनी असते, रेडिओ जुना असतो, नायकाच्या मिशादेखील तपासून घेतलेल्या असतात. आणि मागे उभ्या असलेल्या मोटारीच्या छातीवर एम एच १२ लिहिलेले असते! शिवाजी महाराजांच्या हातात कोणी मनगटी घड्याळ बांधले तर आपण थिएटर डोक्यावर घेऊ. इथे कोणाला ठेचसुद्धा लागत नाही.

मोटारीला नोंदणीचा नंबर देण्याचा अखिल हिंदुस्थानचा पहिला कायदा १९१४ सालचा. १९३९ सालच्या कायद्याने प्रांताप्रांतांना अक्षरे वाटून दिली. मुंबई इलाख्याच्या वाट्याला बी ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या. संस्थानांतल्या गाड्यांवर संस्थानांची आपली खूण असे. आमच्या रोह्याच्या शेजारचे मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा सगळा जंजिऱ्याच्या नबाबाचा मुलूख होता. तो १९४८ साली मुंबई राज्यात आला. म्हणजे त्या सालापर्यंत रोह्याहून मुरूडला मोटार नेणारा माणूस एका सत्तेतून दुसरीत जात होता.

मग १९५६ साल उजाडले. कुलाब्यातून १९५२ साली लोकसभेवर निवडून गेलेले रोह्याचे चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे म्हणून त्यांनी मंत्रिपद टाकले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईसह झाले. गुजरातच्या गाड्यांना जी जे मिळाले. आमच्याकडे एम ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या: एम आर, एम एम, एम एच, एम टी, आणि त्यांच्यापुढे तिसरे अक्षर. पण गंमत अशी की मुंबईतल्या बी च्या मालिका काही गेल्या नाहीत. बी एम होती, पुढे बी एल आली. ज्या शहरासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या शहरातली मोटार महाराष्ट्रात आल्यावरही कपाळावर बॉम्बेचा बी मिरवीत राहिली. एका पत्र्यावरच्या एका अक्षरात एवढे राजकारण मावलेले आहे. परंतु पाटी हा पुरावा आहे असे आपल्याला वाटतच नाही.

१९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि जुनी तीन अक्षरे संपली. राज्याला एम एच, कचेरीला आकडा. मुंबईला एक, दोन, तीन. ठाण्याला चार, कल्याणला पाच, आम्हाला सहा. खाली किनाऱ्याने उतरत गेलो तर सात रत्नागिरीला यायला हवा. तो सिंधुदुर्गाला आहे, आणि आठ रत्नागिरीला! कोणत्या साहेबाने कोणता नकाशा उलटा धरला होता देव जाणे. आमचा कुलाबा १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाला होता. तेव्हा कुलाब्याच्या नावाने नोंदलेली एकही गाडी एम एच ०६ म्हणून जन्मलेली नाही; आणि तीन अक्षरी पाटीची गाडी १९८१ च्या अलीकडची असेल तर ती कुलाब्याची नव्हे, रायगडाची. हे गणित माझी चौथीतली मुले करतात. जिल्ह्याचे ठाणे अलिबागला असूनही परिवहन कचेरी पेणला आहे, त्यामुळे ०६ ला आमच्याकडे ‘पेणचा नंबर’ म्हणतात. पुढे पनवेलला ४६ निराळा मिळाला नि पनवेलकरांचा पेणचा हेलपाटा वाचला.

हे सगळे कायद्याच्या पुस्तकात सापडेल, मग पाटी कशाला ठेवायची, असे कोणी म्हणेल. म्हणतातही. त्यांना ढिगापाशी घेऊन जावेसे वाटते. सरकारने ठरवून दिले होते ते काय? अक्षरांची उंची, जाडी, मधले अंतर, रंग. पाटी सरकार देत नव्हते. ती मालकाने करून घ्यायची. अमेरिकेत पाटी राज्य सरकार देते; पुष्कळ राज्यांत ती तुरुंगातल्या कैद्यांकडून ठोकून घेतात; एका साच्यातल्या हजारो निघतात. आमच्याकडे साचा नव्हता, पेंटर होता. आणि पेण हे गणपतीचे गाव आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत भाद्रपदापर्यंत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात गणपती गेल्यावर दुकानांच्या नि ट्रकांच्या पाट्या रंगवताना मी पाहिले आहेत. माझ्याजवळ एक पाटी आहे, काळ्या इनॅमलवर पांढरी अक्षरे. तिच्यातल्या दोनाच्या शेपटीला जो बाक आहे तो सोंडेचा आहे, हे ओळखायला पेणकराला चष्मा लागत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा दोन कुठे आहे ते मला दाखवावे.

काही पाट्यांवर आकडे देवनागरी आहेत. दुचाकींवर नि ट्रकांवर असे आकडे सर्रास असत. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अक्षरे इंग्रजी नि आकडे आंतरराष्ट्रीय असेच हवेत असे बजावले. नियम असावा, म्हैसुराच्या पोलिसाला आपला पाच वाचता आला पाहिजे. पण दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आमच्या भाषाभिमान्यांना ह्या मराठी पाट्या वितळायला जाताना दिसल्या नाहीत, ह्याचे मला नवल वाटते.

ब्रशाच्या पाट्यांनंतर ओतीव ॲल्युमिनियमची अक्षरे आली. ती पत्र्यावर रिव्हेटने ठोकत. मग रेडियमवाले आले नि पेंटरच्या हातची कामे गेली. प्रत्येक टप्प्याला माणसे बेकार झाली. खासगी गाडीची काळ्यावर पांढरी पाटी ह्या शतकाच्या आरंभी पांढऱ्यावर काळी झाली, भाड्याच्या गाडीची पिवळी, विजेवरच्या गाड्यांची २०१८ पासून हिरवी. पत्रा हातात आला की आधी हे बघायचे. मग भोके. किती, कुठे, वाढवलेली की मूळची. मग मागची बाजू. रोह्यात एक म्हातारे ड्रायव्हर आहेत, आयुष्य ट्रकवर गेलेले. त्यांच्यापुढे मी एक पाटी ठेवली. त्यांनी अक्षरांकडे पाहिलेच नाही, उलटी केली, नखाने खरवडली नि म्हणाले, “मास्तर, ही मागची हाय. चाकाचा चिखूल आतल्या अंगानं बसलाय बघा. आन् ही भोकं बत्तीची.” मग नखानेच त्यांनी कडेचा रंग जरा उडवला. खाली आणखी एक रंग होता, आणि त्या रंगात एम नंतरच्या अक्षराची फांदी वेगळी होती. वाय होता तो. “म्हैसूरची गाडी. हिकडं ईकली.”

एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हैसूर राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. म्हैसूरच्या कोण्या शेठने विकलेला ट्रक कोकणात आला, इथल्या पेंटरने पत्रा न बदलता जुन्या अक्षरांवर काळा हात मारला नि नवी अक्षरे काढली. धातव्याच्या औद्योगिक वसाहतीत माल वाहून तो मेला. इतका इतिहास एका म्हाताऱ्याच्या नखाखाली होता. हे ड्रायव्हर आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्यासारखी माणसे रोह्यात मला ठाऊक असलेली तीन, पेणला दोन. पाट्या एकाच वर्षात गेल्या, आणि वाचणारे एकेक करून जात आहेत. दोन्ही एकदम संपणार असा हा योग आहे.

एसटीचे तेच. गाडी कोणत्याही गावी उभी असो, पाटीवर १४ असेल तर तिचा सांगाडा दापोडीच्या कार्यशाळेत बांधला, २० असेल तर चिकलठाण्याला, ४० असेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याला, एवढे आमची शाळकरी पोरे स्टँडवर उभ्याउभ्या सांगतात. त्यांना हे कोणी शिकवले नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालू ठेवायची नाही असा नियम झाला. गाड्या जाव्यात, धूर ओकणाऱ्या खटाऱ्यांत मी स्वतः पुष्कळ वेळा ओकलो आहे. पण तहसीलदाराची जीप, दवाखान्याची रुग्णवाहिका, वस्तीची एसटी, ह्यांच्या अंगावरचा एक पत्रा काढून ठेवायला किती खर्च आला असता?

आता सरकारला जुन्या पाट्यांची मुळीच किंमत नाही असे मात्र कोणी समजू नये. किंमत आहे; कोणाची पाटी त्यावर ती अवलंबून आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिची निराळी नोंदणी होते; नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. व्ही ए अक्षरांची खास मालिकाही त्यासाठी ठरवली आहे. परंतु गाडी आधीच नोंदलेली असेल तर मालकाला तिचा मूळचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. वाचून मला आनंद झाला. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते तेव्हा लोक कसे बघतात ते ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम योग्यच वाटेल. पण पुढे वाचले. नियम दुचाकींना नि माणसे नेणाऱ्या खासगी चारचाकी मोटारींना आहे. मालट्रकला नाही. तीनचाकीला नाही.

म्हणजे राजाच्या मोटारीचा नंबर हा वारसा झाला, नि पेणच्या बाजारात मिठाची पोती आणणाऱ्या ट्रकचा नंबर भंगार झाला! ज्या मिनीडोअरने वीस-पंचवीस वर्षे सहाच्या जागी दहा माणसे कोंबून पेण, रोहे, अलिबाग एकमेकांना जोडून ठेवले, जिच्यात बाळंतिणी नेल्या, जिच्यात नवऱ्या मुलीचे कपाट दोरीने बांधून नेले, तिच्या पाटीला ह्या नियमांत जागा नाही. मी श्रीमंतांच्या छंदाचा शत्रू नाही. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली मोटार पन्नास वर्षे टिकते. राबणारी टिकत नाही. जे राबले त्याचे काही उरत नाही, आणि जे उरले त्यालाच आपण जुने नि थोर म्हणतो. ही गोष्ट माणसांच्या इतिहासात घडत आलीच आहे, निदान पत्र्यांच्या बाबतीत ती कायद्याने घडवू नये.

उलट नव्या गाडीच्या नव्या आकड्यावर मात्र सगळ्यांचे प्रेम आहे. २०२४ साली पसंतीच्या नंबरांचे दर वाढले. मोठ्या मागणीच्या ठिकाणी मोटारीच्या एक नंबरला सहा लाख पडतात. ४१४१ घेऊन त्याला वेलांट्या-काने फोडून ‘दादा’ करणाऱ्यांचे तर आमच्या तालुक्यात पीक आहे. असो. त्या दादांच्या पाट्या नव्या हुकुमाने गेल्या, एवढे एक पुण्य त्याच्या पदरात मी घालतो.

सरकारचे झाले. आता माझ्याच धंद्यातल्यांचे सांगितले पाहिजे, कारण नुकसान त्यांनीही कमी केलेले नाही. अलीकडे मुंबई-पुण्याकडे जुन्या पाट्या जमवण्याचा छंद निघाला आहे. अलिबागच्या बंगल्यावर शनिवार-रविवार येणारी मंडळी वाटेत वडखळला मिसळ खातात नि गॅरेजवाल्याला विचारतात, ‘जुनी प्लेट आहे का काही? भिंतीला लावायला.’ दोनशे-तीनशे रुपयांना पाटी जाते. गाडी कोणती, मालक कोण, कोणत्या रस्त्यावर चालली, एक शब्द विचारत नाहीत. महामार्गावरच्या एका हॉटेलात अशा पाट्यांची भिंत मी पाहिली. मध्ये एक पाटी होती, एम एस ने सुरू होणारी, नि खाली इंग्रजीत चिठ्ठी: जुना महाराष्ट्र राज्य. एम एस म्हणजे मद्रास! जुन्या अक्षरांत एम म्हणजे महाराष्ट्र नव्हेच. एम एस मद्रासचे, एम वाय म्हैसूरचे, एम पी मध्य प्रदेशाचे. मी व्यवस्थापकाला सांगितले. तो हसून म्हणाला, “सर, गिऱ्हाईक फोटो काढतं फक्त.” शेजारी चकचकीत नव्या पत्र्यावर छापलेली एक ‘जुनी’ पाटी होती, गंज हुबेहूब रंगवला होता. आणि तिच्याच बाजूला, खिळ्याने वाकवलेली, खरी, बी वाली. कोणाची? ज्याची होती त्याचे नाव शोधायचा एकच धागा होता, तो गॅरेजवाला. त्याला त्या दिवशी कोणी विचारले नाही नि आता त्याला आठवत नाही.

ज्या अमेरिकेची नक्कल करून हा छंद आला तिथे पाट्या जमवणाऱ्यांची संघटना १९५४ सालापासून आहे. ते लोक कोणत्या राज्याने कोणत्या वर्षी कोणता रंग वापरला, कोणती मालिका कुठे संपली, ह्यांच्या याद्या करतात, त्यांवर वाद घालतात, चूक निघाली की दुरुस्त करतात. आम्ही त्यांची भिंत उचलली नि वही तिथेच ठेवली. ओळख न पटवता पाटी उचलून नेणाऱ्यापेक्षा भंगारवाला बरा म्हणतो मी. तो निदान वजन तरी खरे सांगतो.

आता आक्षेपांकडे वळतो. जुनी पाटी चोराच्या हाती पडली तर? आक्षेप खरा आहे, नि मी त्याला हसण्यावारी नेत नाही. पाटीचा एक कोपरा कात्रीने कापा, मध्ये एक भोक पाडा, वहीत नोंद करा; झाले. नोटा रद्द करताना बँका एवढे करतात. आणि गंमत अशी की भंगारात जी पाटी गेली तिला कोणी भोक पाडले नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत ती सगळीच्या सगळी, धडधाकट, टेंपोत चढली. सुरक्षितता ह्या शब्दाखाली आपण काय लपवतो ह्याचा हा नमुना.

दुसरा आक्षेप: सगळे संगणकात आहे. संगणकात नंबर आहे, पाटी नाही. आणि नंबरही सगळे नाहीत. जुन्या गाड्यांची नोंद आत घालायला अजून मालकांना कागद घेऊन ‘बॅकलॉग’साठी खेटे घालावे लागतात. ज्या गाड्या त्याआधीच मोडीत निघाल्या त्यांच्यासाठी खेटे घालणार कोण?

तिसरा आक्षेप मला एका कचेरीत ऐकायला मिळाला. कचेरी आमच्या जिल्ह्यातली नव्हे. नाव सांगत नाही. मी अर्ज केला होता की उतरलेल्या पाट्यांपैकी प्रत्येक मालिकेची एकेक शाळेला द्यावी, भंगाराच्या भावाने पैसे भरतो. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, “मास्तर, अशी तरतूद नाही.” फेकण्याची तरतूद कुठल्या कलमात आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, “त्याला तरतूद लागत नाही.” साहेब प्रामाणिक होते.

नवी पाटी मी निरखून पाहिली आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा, कोपऱ्यात निळ्या अशोकचक्राचा चमकता शिक्का, निळ्या अक्षरांत देशाची खूण, खाली लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक, नि एकदा बसवले की मोडल्याशिवाय न निघणारी कुलपे. गाडी चोरणाऱ्याला अडचण होत असेल तर उत्तमच. ती सगळीकडे सारखी आहे, गडचिरोलीत नि गुहागरात एकाच वळणाची. म्हणजे हाताने लिहिलेल्या पाट्यांचा काळ आता बंद झाला. त्यात नवी भर पडायची नाही. बंद झालेल्या काळाच्या वस्तू मोजता येतात. आपल्याकडे किल्ल्यांची मोजदाद होते, लेण्यांची होते, वीरगळांची हल्ली तरुण मुले सुट्टीत हिंडून करतात नि त्यांचे मला कौतुक वाटते. वीरगळावर लढून पडलेल्याची खूण असते. रोहे-कोलाड रस्त्यावर राबून पडलेल्याची खूण ह्या पत्र्यावर आहे. दगड नाही एवढाच तिचा गुन्हा.

माझी मागणी मोठी नाही. संग्रहालयाची इमारत मला नको. तिच्या उद्घाटनाला येणाऱ्या मोटारींच्याच पाट्या तेवढ्या लोकांच्या लक्षात राहतील. तालुक्याच्या वाचनालयात एक भिंत द्या, पावसाचे पाणी न झिरपणारी. रामवाडीला एसटीचे विभागीय कार्यालय आहे, कार्यशाळा आहे. मोडीत निघणाऱ्या गाडीची एक पाटी तिथे राखून ठेवावी. परिवहन खात्याने १९८९ पूर्वीच्या मालिकांची यादी, कोणते अक्षर कोणत्या कचेरीला नि कोणत्या सालापासून, एकत्र छापावी. चार पानांचे काम आहे, आणि ती पाने नसल्यामुळे मद्रासची पाटी महाराष्ट्राच्या नावाने विकली जाते.

तोपर्यंत माझ्या शाळेत एक वही आहे. मुले घरी जाऊन आजोबांना, मामांना विचारतात: तुमची पहिली गाडी कोणती, नंबर काय? माणसांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण पहिल्या गाडीचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगतात. एका मुलीच्या आजीने आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या टेंपोचा नंबर सांगितला. तिला अक्षरओळख नाही, तिने तो ऐकून पाठ केला होता, कारण संध्याकाळी नाक्यावरून कोणाची गाडी आली असे पोरे ओरडत तेव्हा तो कानावर पडला की ती चूल पेटवी. पाटी कधीच विकली गेली आहे. वहीत नंबर आहे.

ज्यांच्या पडवीत, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अजून एखादी जुनी पाटी असेल (खुराड्याच्या दाराला पुष्कळ असतात, पत्रा मापाचा असतो) त्यांनी ती मला द्यावी असे मी म्हणत नाही. घरातच ठेवावी. फक्त तिच्या पाठीवर लिहून ठेवावे: गाडी कोणती, कोणाची, कोण चालवी, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या रस्त्यावर. पुढच्या बाजूची अक्षरे घासू नयेत, गंज काढायला लिंबू-राख लावू नये. आणि लिहायचे ते ऑइलपेंटने. शाईचे मार्कर कोकणचा एक पावसाळा काढत नाहीत.